पाहुण्यांची मंडळी

चर्चच्या मागच्या खोलीत आमचं एक लोखंडी कपाट आहे. त्यावर पिवळ्या ऑइलपेंटने 'मराठी' असं लिहिलंय. अक्षर दादांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. दादा केंद्र सरकारात नोकरीला होते, आणि ऑफिसातल्या खुर्च्या-टेबलांवर नंबर टाकतात ना, तसं त्यांना वस्तूवर काहीतरी रंगवल्याशिवाय ती आपली वाटायची नाही. पावसाळा सरता सरता मी ते कपाट उघडायला गेले तेव्हा किल्ली फिरेचना. कुलपात खोबरेल तेल सोडलं, दाराला गुडघा लावला, आणि कपाट उघडलं तसा एक वास अंगावर आला. डांबरगोळ्या, ओल धरलेला कागद, आणि त्या सगळ्याखाली पेटीच्या भात्याचा तो जुना कातडी वास. मी तिथल्या स्टुलावर बसले. कागद शोधायला आले होते, ते विसरूनच गेले.

कपाटात काय नव्हतं? तपकिरी कागदाची कव्हरं घातलेली गीतांची पुस्तकं. दोरीने बांधून ठेवलेले टाळ. प्रभुभोजनाच्या मेजावर घालायचं, आईने क्रोशाने विणलेलं कापड. नाताळच्या नाटकातली मेंढपाळाची काठी. मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेत पाठांतराला बक्षीस म्हणून द्यायच्या पेन्सिली, त्याही न तासलेल्या. फक्त मला हवा होता तो कागद नव्हता. दिल्लीतली ही आमची मराठी ख्रिस्ती मंडळी कधी सुरू झाली आणि तिचे सभासद कोण, एवढं सांगणारा एक साधा कागद.

तो मागितला होता धर्मप्रांताच्या कचेरीने. धर्मप्रांत म्हणजे एका बिशपांच्या देखरेखीखालची सगळी चर्चेस. तिथले एक पाद्रीसाहेब उन्हाळ्यात माझ्याकडे चहाला आले होते. बिजनौरकडचे, उंच, बोलायला फार मऊ. धर्मप्रांताने ठरवलं होतं की लहानसहान, विझत आलेल्या मंडळ्यांमध्ये पुन्हा जीव आणायचा. पाळक, म्हणजे मंडळीचा पाद्री, नसेल तिथे तो द्यायचा, जागा नसेल तर जागा, म्हाताऱ्यांना ने-आण करायला गाडी, तरुणांना उपासना चालवायचं शिक्षण. आमचाही विचार त्यांनी केला होता. रिजच्या, म्हणजे दिल्लीतल्या त्या झाडीच्या टेकडीच्या, पायथ्याच्या या दगडी चर्चमध्ये आम्ही मराठी आता मोजून सात-आठ डोकी जमतो, आणि तिकडे गुडगावच्या पुढे मानेसरला जालना, बीड, नगरकडची मुलं-मुली गाड्यांच्या पार्टांच्या कारखान्यांत भरलेली आहेत. तेव्हा मराठी उपासना मानेसरला न्यावी, तिला मराठी पाळक द्यावा, आणि महिन्यातून एक रविवार त्याने इथे यावं. "कुछ बंद नहीं हो रहा, दीदी," ते म्हणाले. "नया हो रहा है।" मग त्यांनी बॅगेतून फॉर्म काढला. पहिला प्रश्न स्थापनेचा होता, दुसरा सभासदांचा. सभासद असतील तर ही जुनी मंडळी नव्या जागी गेली असं धरता येईल, नसतील तर मानेसरला सगळं पहिल्यापासून सुरू झालं असं लिहावं लागेल, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी म्हटलं, शोधून सांगते.

बिस्किट खाताना त्यांनी भिंतीवरच्या फोटोंकडे पाहिलं. एका बाजूला हार घातलेले माझे सासू-सासरे, दुसऱ्या बाजूला बिनहाराचे आई-दादा. त्यांनी काही विचारलं नाही, मीच सांगितलं. ते सगळं पुढे येईलच.

खरं म्हणजे कागद सापडायचाच नव्हता, कारण तो कधी झालाच नव्हता. आमच्यात माणूस दुसऱ्या गावी राहायला गेला की आपल्या चर्चमधून पत्र घेऊन जातो. अमुक इसम आमच्या मंडळीचा आहे, त्याचा बाप्तिस्मा झालेला आहे, त्याला आपल्यात घ्यावं, असं पाळकाच्या सहीचं. ते पत्र नव्या चर्चमध्ये दिलं की माणूस तिथला झाला. आणि दिल्लीत आलेल्या आमच्या माणसांपैकी एकानेही ते पत्र कधी आणलं नाही. सगळे बदलीवर आलेले. तीन वर्षांत परत जाऊ, पोरांच्या परीक्षा झाल्या की जाऊ, रिटायर झालो की जाऊ. पत्र आणायचं म्हणजे गावाशी काडीमोडच घ्यायचा, असं दादांना वाटायचं. त्यामुळे इथे दर रविवारी जमणारे आम्ही सगळे कागदोपत्री आपापल्या गावीच होतो. ही चूक म्हणावी की निष्ठा, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

माझ्या लहानपणचा रविवार दुपारी सुरू व्हायचा. सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये आई लवकर जेवणं उरकायची आणि दोन वाजता आम्ही बसस्टॉपवर. बस बदलून रिजपाशी पोचेपर्यंत माझ्या रिबिनी सुटलेल्या असायच्या. चर्चमध्ये सकाळी इंग्रजी उपासना, मग हिंदी, मग दक्षिणेकडच्या लोकांची, आणि चार वाजता उरलंसुरलं चर्च आमचं. आम्ही आत शिरायचो तेव्हा बाकं आधीच्या माणसांच्या अंगाने अजून कोमट असायची. त्या बायकांच्या वेण्यांतली मोगऱ्याची फुलं खाली सांडलेली असायची, ती गोळा करून मी फ्रॉकच्या खिशात भरायचे. कित्येक वर्षं मला वाटत होतं की चर्चला तसाच वास असतो, दुसऱ्याच्या मोगऱ्याचा.

दाराशी आम्ही चपला-बूट काढायचो. ही गावची रीत. त्या चर्चमध्ये बाकी कोणी काढत नसे. जानेवारीतल्या दिल्लीत त्या फरशीवर पाय टेकला की कळ थेट मस्तकात जायची. आम्ही मुलं गाणं म्हणताना एका पायावर उभी राहायचो, कडवं संपलं की दुसऱ्या. चौकीदार दर हिवाळ्यात दादांना म्हणायचा की साहब, बच्चों को जूते तो पहनने दो. दादा नुसते हसायचे. स्वतः मात्र आईने विणलेले लोकरीचे मोजे घालून यायचे, एकावर एक दोन जोड.

मग दादा पेटी उघडायचे. ते पेटी वाजवायचे, ऑडिटमधले एक काका तबल्यावर, आणि टाळ ज्याच्या हाती लागतील त्याच्याकडे. आमची गाणी अभंगाच्या, ओवीच्या चालींची. बाहेरून जाणारे लोक थबकायचे. एकदा एक सरदारजी आत येऊन मागच्या बाकावर शेवटपर्यंत बसले आणि जाताना दादांचा हात हातात घेऊन, बडा सुंदर कीर्तन है जी, असं म्हणून गेले. दादा पुढे आठवडाभर फुशारलेले होते. आईने शेवटी त्यांना सांगितलं की आता पुरे, भाजी आणा.

सुमनआत्या ड्यूटीवरून थेट यायची. ती दादांच्या गावची, गावकीच्या नात्याने त्यांची बहीण, आणि हिंदूरावच्या इस्पितळात नर्स. पांढऱ्या साडीवर शाल, अंगाला स्पिरिटचा वास, पर्समध्ये आवळासुपारी. लग्न तिने केलं नाही. का केलं नाही हे विचारायची आमच्यात कोणाची छाती नव्हती. प्रवचन लांबलं की ती समोर बघत बघतच माझ्या तळहातावर आवळासुपारीचा तुकडा ठेवायची. दादा तिला चिडवायचे की सुमन, तू आपल्याच माणसाच्या घरी नोकरी करतेस, ज्याच्या बंगल्यात तुझं इस्पितळ आहे तो हिंदूराव ग्वाल्हेरहून आलेला मराठी माणूस, तोही दोन दिवसांसाठी म्हणूनच आला असणार. ती म्हणायची, मग बघ, अजून तिथेच आहे.

मे महिन्यात मंडळीच नसायची. गरम वाऱ्याची लू वाहायला लागली की कपाटाला कुलूप, आणि सगळे आपापल्या गावी. जे काही महत्त्वाचं ते सगळं तिकडे व्हायचं. बाप्तिस्मे तिकडे, मुलं मोठी झाल्यावरचं दृढीकरण तिकडे, लग्नं तिकडे. माझ्या चुलतभावाचा बाप्तिस्मा मला आठवतो. गावच्या चर्चमधले म्हातारे पाळक दौतीत टाक बुडवून त्याचं नाव रजिस्टरात लिहीत होते, आणि शाई वाळेपर्यंत दादा तिथून हलले नाहीत. पोरगं दुसऱ्याचं होतं, पण दादांच्या डोळ्यांत पाणी होतं. मग जूनमध्ये आम्ही ट्रंका घेऊन दिल्लीला परत यायचो, कपाट उघडायचं, वास यायचा. आता विचार करते तेव्हा वाटतं, दिल्लीत आम्ही फक्त दोन गोष्टी केल्या. गाणी म्हटली आणि माणसं पुरली. मेलेल्या माणसाला मे महिन्यापर्यंत थांबवता येत नाही.

नाताळला मात्र आम्ही इथे असायचो, कारण दादांच्या तेवढ्याशा सुट्टीत गावी जाऊन येणं बसायचं नाही. आमच्या क्वार्टरमध्ये करंज्या व्हायच्या, चार घरच्या बायका जमून. चूल म्हणजे रॉकेलचा स्टोव्ह, त्यामुळे आमच्या अनारशांनाही रॉकेलचा पुसट वास. शेजारच्या देशपांडेकाकूंचा आकाशकंदील दिवाळी झाली की आमच्या दारावर यायचा. पुढच्या ब्लॉकमधल्या पंजाबी बाई गोंधळून जायच्या. एकदा त्यांनी आईला विचारलं की आप लोगों की दीवाली दो बार आती है क्या. आईने हो म्हणून टाकलं. पुढे त्याच देशपांड्यांच्या घरी मी सून म्हणून गेले. रजिस्टर लग्न झालं. त्यामुळे गावच्या चर्चच्या पुस्तकात माझ्या नावाचं पुढे काय झालं, ते मी कधी विचारलं नाही आणि कोणी मला सांगितलं नाही. रविवारी चार वाजता कधी जायचे, कधी नाही. दादांच्या पश्चात कपाटाची किल्ली माझ्याकडे आली, ती केवळ मी जवळ राहते म्हणून.

या आठवणी मला ओळीने लावता येत नाहीत. तबल्यावरचे काका इथेच वारले की त्यांची बदली झाली, ते आठवत नाही. मोठी झाल्यावरही मी मोगरा वेचत होते की तो दुसऱ्याच कोणाच्या लेकीचा फ्रॉक होता, तेही सांगता येणार नाही. एक एक घर कमी होत गेलं. निरोपाच्या वेळी गाणं म्हणायचं, स्टेशनवर जायचं, डबा द्यायचा. मंडळी केव्हा एवढीशी झाली ते कोणाच्या लक्षातच आलं नाही.

दादा रिटायर झाले आणि गावी गेले नाहीत. दोन ट्रंका भरल्या होत्या. त्या भरलेल्याच पलंगाखाली राहिल्या. आई त्यांतलं हवं ते काढून वापरायची आणि परत तिथेच ठेवायची. अशी बरीच वर्षं गेली, आणि एका हिवाळ्यात दादा गेले. कब्रस्तानात विचारतात, माणूस कोणत्या मंडळीचा. आमच्याकडे दाखवायला कागदच नव्हता. तेव्हाच्या हिंदी मंडळीच्या पाद्रींनी मोठ्या मनाने एक चिठ्ठी लिहून दिली. फाटकाशी उभी राहून मी ती वाचली. हे सज्जन आमच्याकडे अतिथी म्हणून येत असत, अशा अर्थाचं एक हिंदी वाक्य होतं. ज्या चर्चच्या कपाटावर त्यांनी आपल्या हाताने रंग लावला होता, तिथले ते अतिथी. चिठ्ठीत खोटं काहीच नव्हतं, म्हणून रागवायचं कोणावर तेही समजेना. सुमनआत्याने माझ्या खांद्यावरून ती वाचली आणि घडी करून परत माझ्या हातात दिली. काही वर्षांनी आई गेली तेव्हा तसंच वाक्य आलं, फक्त सज्जनच्या जागी महिला.

हे सगळं मी पाद्रीसाहेबांना त्या दिवशी चहावर सांगितलं होतं. त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले की अशा किती मंडळ्या असतील, आम्हालाही नीट ठाऊक नाही, म्हणूनच हा फॉर्म.

कपाटात काही मिळालं नाही, तेव्हा मी सुमनआत्याकडे गेले. ती आता पंचाऐंशीच्या घरात आहे, मुखर्जीनगरला एका खोलीत राहते, काठी घेऊन चालते आणि कामवालीवर अजून वॉर्डातल्यासारखी ओरडते. उपासना मानेसरला जाणार हे ऐकून ती रडेल, निदान धर्मप्रांताला चार शब्द सुनावेल, अशा तयारीने मी गेले होते. मी माझंच दुःख तिच्या तोंडून ऐकायला गेले होते म्हणा ना. तिने सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "तिथे पत्र घेतील का?"

मी म्हटलं, घेतील, तेच तर हवंय त्यांना. पण आत्या, मानेसर म्हणजे दोन तासांचा रस्ता, आणि ती सगळी कारखान्यातली पोरं, आपली माणसं नाहीत ती.

"आपली माणसं कुठली गं आता. मला एवढंच कळतं, योहानदादाला पाहुणा म्हणून पुरलं, वहिनीला पाहुणी म्हणून पुरलं. मला पाहुणी म्हणून पुरू नका. मानेसर तर मानेसर, मी बिल्कुल जाणार. माझं पत्र तेवढं मागवून दे."

घरी येताना मेट्रोत मला वाटत राहिलं की जे माझं बंद होतंय त्याला ती उघडणं म्हणतेय, आणि पाद्रीसाहेबही तेच म्हणतायत, मग मलाच काही दिसत नाहीये की काय.

म्हणून एका रविवारी एकटीच मानेसर बघून आले. गुडगावच्या पुढे शेअर ऑटोत चेपून बसले, दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या भिंती. एका खाजगी शाळेचा हॉल धर्मप्रांताने रविवारपुरता मागून घेतला होता. दाराबाहेर पोलादी टोकाच्या जाडजूड बुटांची रांग लागलेली. जिने मला आत नेलं ती प्रियांका, जालन्याची, वायरिंगच्या लाइनवर काम करणारी, तिला मी कौतुकाने म्हटलं की तुम्हीही बूट काढता, आपली गावची रीत ठेवलीत. ती म्हणाली, "रीत नाही मावशी, हेडमास्तरांनी सांगितलंय, सतरंजी खराब होते." मी सतरंजीवर बसले. ती खरंच नवी होती.

त्यांनी गिटारवर गाणी म्हटली. एक गाणं मला पाठ होतं, शब्द न शब्द तेच, पण चाल भलतीच. मी दोनदा माझ्या चालीने सुरू केलं आणि दोनदा गप्प झाले. ती सगळी मुलं टाळ्या वाजवत गात होती, डोळे मिटून, मोठ्याने. आम्ही कधी एवढ्या मोठ्याने गायलो नव्हतो, आम्हाला नेहमी वाटायचं की चौकीदार वाट बघतोय. अर्धी मुलं मधूनच उठून गेली, कंपनीची बस आली होती, सेकंड शिफ्ट. जाताना प्रत्येकाने वाकून मला सलाम केला, अगदी गावी आम्हा ख्रिस्ती लोकांत करतात तसा. ओळख ना पाळख. मला आनंद झाला की वाईट वाटलं, हे मी नवऱ्याला घरी आल्यावर सांगू शकले नाही. तो म्हणाला, तुला भूक लागलीय. तेही खरं होतं.

मग गावच्या चर्चला फोन लावला. आता तिथे एक तरुण पाळक आहेत, मोकळ्या स्वभावाचे. त्यांनी जुनं रजिस्टर काढलं. सुमनआत्याचं नाव सापडलं, आणि नावापुढे लिहिलेलं होतं, परगावी. साठ वर्षं झाली, ती परगावीच. मी म्हटलं, तिचं पत्र द्या. ते लगेच हो म्हणाले, आणि पान उलटताना त्यांचा आवाज थांबला. मला म्हणाले, "ताई, तुमचंही घर सापडलं की इथे. योहान भिकाजी साळवे, परगावी. रूथ योहान साळवे, परगावी. आणि तुमचं नाव. तिघांचीही पत्रं काढू का?"

म्हणजे माझं नाव कोणी काढलंच नव्हतं. मी लग्न करून दुसऱ्या घरी गेले, चाळीस वर्षं गावाकडे फिरकले नाही, तरी त्या पानावर मी आई-दादांच्या खाली होतेच. आणि ती दोघं तिथे अजून जिवंत होती, कुठे तरी गेलेली, परत यायची. मला सांगायला हवं होतं की आई-दादा वारले. एवढंच सांगायचं होतं. त्यांनी पुन्हा विचारलं, काढू ना ताई? मग मी हो म्हणाले.

पत्रं टपालाने आली. चार पत्रं, एका पाकिटात, प्रत्येकावर शिक्का आणि सही. आई-दादांची काढून ठेवायची असं रोज ठरवत होते आणि रोज राहून जात होतं. काढली तर त्यांना कुठे ठेवू? गावी ते नाहीत. इथे ते पाहुणे आहेत. पत्र दिलं तर हे देवाच्या घरात उघडउघड खोटं, आणि न द्यावं तर ते आयुष्यभर अन् नंतरही कोणत्याच मंडळीचे नाहीत. नवऱ्याला विचारलं. तो म्हणाला, हा तुमचा आतला मामला आहे. यार, निदान एवढं तरी नीट सांग, मी म्हटलं. त्याने टीव्ही लावला. शेवटी पाद्रीसाहेबांनी फोन करून पाकीट आधी पाठवायला सांगितलं तेव्हा मी ते होतं तसंच पाठवून दिलं. रविवारी जाऊन खरं काय ते सांगू, असं मनाशी म्हटलं.

तो रविवार थंडीचा होता, धुरकट, आणि अकराला कुठे ऊन आलं. धर्मप्रांताची गाडी आधी आत्याला घेऊन मग माझ्याकडे आली. आत्याने ठेवणीतली पांढरी साडी नेसली होती आणि रस्ताभर ती बाहेर बघत होती. मी दोनदा तिला पत्रांचं सांगायला तोंड उघडलं. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, खिडकी लाव, वारा लागतोय. हॉल भरलेला होता. नवे मराठी पाळक होते, लातूरकडचे, लाजरे. मी पाद्रीसाहेबांना बाजूला घ्यायचं म्हणून पुढे गेले, तोवर गाणं सुरू झालं, आणि प्रियांकाने माझा हात धरून मला आत्याशेजारच्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं.

गाणं संपल्यावर पाद्रीसाहेबांनी हिंदीत थोडक्यात सांगितलं की दिल्लीची मराठी मंडळी आज इथे रीतसर स्थापन होतेय, आणि तिची नावं आता वाचली जातील. ज्याचं नाव येईल त्याने उभं राहून, मी आहे, एवढं म्हणायचं. मुला-मुलींची पत्रं आधीच जमा झालेली होती, पण त्यांनी वयाने मोठ्यांपासून सुरुवात केली. पहिलं नाव आत्याचं. ती काठीवर भार देऊन उठली. तिला उभं राहायला इतका वेळ लागला की मागे कोणीतरी मदतीला पुढे झालं, तिने हातानेच त्याला थांबवलं. "मी आहे," ती म्हणाली. वॉर्डातल्या आवाजात, शेवटच्या ओळीपर्यंत ऐकू जाईल असं. मग ती बसली आणि तिने पदराने तोंड पुसलं.

पाद्रीसाहेबांनी दुसरं पत्र हातात घेतलं. मराठी नावं ते जरा अडखळत वाचतात. "योहान भिकाजी साळवे."

कोणी उठलं नाही. मुलं इकडे-तिकडे बघायला लागली. मी उठायला हवं होतं. उठून सांगायला हवं होतं की माफ करा, ही माझी चूक आहे, हे माझे वडील, ते नाहीत. पाद्रीसाहेबांनी कागदावरून वर पाहिलं, थेट माझ्याकडे. माझ्या घरच्या भिंतीवरचा फोटो त्यांनी पाहिला होता, चिठ्ठीची गोष्ट त्यांनी माझ्याच तोंडून ऐकली होती. त्यांना सगळं माहीत होतं, आणि त्यांनी ते नाव तरीही वाचलं होतं.

शेजारून सुमनआत्या बोलली. या वेळी ती उठली नाही.

"आहेत. दिल्लीतच आहेत ते. आता कुठे जायचे नाहीत."

नव्या पाळकांनी हळूच त्याचं हिंदी करून सांगितलं. पाद्रीसाहेबांनी मान हलवली, नावापुढे पेनाने खूण केली आणि पुढचं पत्र उचललं. "रूथ योहान साळवे." आत्या म्हणाली, "तीही." पुन्हा खूण झाली.

मग त्यांनी चौथं पत्र घेतलं. ते माझं होतं. मी उठून उभी राहिले.